तीस फुटांपलीकडचा नवरंग

चेन्नईजवळच्या आवडी स्टेशनामागच्या कॉलनीत पाखरं बघायला कुणालाही मनाई नव्हती. पण पाहिलेलं पाखरू मान्य व्हायला व्यासराज लागत. ते शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. पृथ्वीवर कुठे काय असतं आणि कुठे काय असूच शकत नाही, हे मुलांना सांगण्यात त्यांची हयात गेली होती. नोकरी संपली तरी ती सवय काही संपली नाही. कॉलनीतले पाच-सहा पेन्शनर गोळा करून त्यांनी पक्षिमंडळ काढलं, आणि दर रविवारी सकाळी पाण्याच्या टाकीखालच्या बाकांवर कॉफी पीत पीत आठवड्याची पाखरं मंजूर-नामंजूर होऊ लागली.

मंडळाचा नियम एकच. फोटो असेल तर पाखरू, नसेल तर गप्पा. हा नियम तुळजाजींमुळे करावा लागला. तुळजाजी रेल्वेतले जुने गार्ड. त्यांना एकदा तळ्यावर पेलिकन दिसला. व्यासराज शहानिशा करायला गेले तर तिथे सिमेंटचं रिकामं पोतं तरंगत होतं. तुळजाजींचं म्हणणं असं, की पेलिकन उडाला आणि पोतं त्याच्या जागी नंतर येऊन बसलं. हे म्हणणं मंडळानं फेटाळलं. तेव्हापासून तुळजाजी मंडळात येत, कॉफी पीत, पण पाखरांविषयी बोलत नसत.

अशा या मंडळात नागोजीरावांनी गेल्या ऑक्टोबरात सांगितलं, की आपल्या मागच्या दारी, केळीखाली, नवरंग येऊन गेला.

पाखरू लहानसंच. हिरवी पाठ, निळा खांदा, डोळ्यावर काळी पट्टी, पोटाखाली लालभडक, आणि शेपूट म्हणाल तर देव द्यायलाच विसरलेला. दिवसभर पालापाचोळा उकरतं आणि सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला शीळ घालतं, म्हणून तमिळ लोक त्याला आरुमणी कुरुवी म्हणतात, म्हणजे सहा वाजताचं पाखरू. नागोजीराव हे सगळं वरच्या मजल्यावरच्या पुष्करच्या कॉम्प्युटरवर खात्री करूनच आले होते.

व्यासराजांनी कॉफीचा घोट शांतपणे गिळला. "केळीखाली? भांडी घासायच्या पाण्यात?"

"तिथेच. गांडुळं असतात."

"साळुंकी असेल," व्यासराज म्हणाले. "खरकट्या पाण्यात भिजली की साळुंकी कशीही दिसते."

मंडळ हसलं. तुळजाजीही हसले, त्यांना तर कोण बरं वाटलं.

नागोजीराव काही साधे असामी नव्हेत. रणगाड्यांचे भाग करणाऱ्या कारखान्यात ते तपासनीस होते. केसाच्या जाडीएवढा फरक असला तरी भाग बाजूला काढत, आणि त्यांनी 'पास' म्हटलेल्या नगाकडे साहेबसुद्धा पुन्हा वळून बघत नसे. ज्याच्या नजरेवर अख्ख्या शॉपचा विश्वास, त्याला साळुंकी आणि नवरंग यांतला फरक कळत नाही, असं एका भूगोलाच्या मास्तरानं चारचौघांत म्हणावं, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. पाखरू पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा येईल. तोवर कॅमेरा आणि लांबची लेन्स घ्यायची, आणि नवरंगाचा फोटो व्यासराजांच्या कॉफीशेजारी ठेवायचा, असं त्यांनी मनाशी ठरवलं. ठरवलं ते ठरवलं, पण चूक अशी केली की चार माणसांना सांगितलं.

लेन्स घ्यायची म्हटल्यावर कॉलनीत जो तो तज्ज्ञ झाला. पुष्कर मूळ साताऱ्याचा, ओरगडमला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. कंपनीची बस सुटायच्या आत तो जिन्यात उभा राहून सांगे, "काका, डिजिटलच घ्या. फिल्म आता संपली. आणि झूमच्या भानगडीत पडू नका, सरळ प्राइम घ्या, एकाच मापाची." त्याची बायको सावनी मागून म्हणे, "काका, तो लग्नात व्हिडिओवाल्याशी भांडला होता, एवढाच त्याचा अनुभव आहे." तुळजाजींचा सल्ला सोपा होता. "लांब घ्या. जेवढी मिळेल तेवढी लांब. पाखरू आणि वरचा साहेब, दोघेही लांबूनच नीट दिसतात." कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला म्हणाला, माझ्या मेव्हण्याला विचारा, तो सिनेमात आहे. मेव्हणा सिनेमात खुर्च्या पुरवत होता.

एवढं सगळं ऐकून नागोजीराव थांबले असते, तर पुढचं रामायण टळलं असतं. पण आडी महिना लागला. चेन्नईत या महिन्यात कुणी शुभकार्य काढत नाही, लग्नं होत नाहीत, म्हणून दुकानदार हातघाईवर येतात आणि सगळ्या गावाला सूट लागते. याला आडी तळ्ळुबडी म्हणतात. साड्यांना सूट, कुकरला सूट, सोन्याच्या घडणावळीला सूट. माउंट रोडच्या एका गल्लीत मुदलियारांचं जुन्या कॅमेऱ्यांचं अंधारं दुकान होतं, तिथेही काचेवर लाल कागद लागला. डिजिटल आल्यापासून फिल्मवाले कॅमेरे तसेही मातीमोल झाले होते. त्यावर आडीची सूट म्हणजे दुष्काळात तेरावा महिना दुकानदाराला, आणि गिऱ्हाइकाला दिवाळी.

मुदलियारांनी आधी दोन-तीन आखूड लेन्सा दाखवल्या. मग गिऱ्हाईक ओळखून आतून एक लांबलचक पेटी आणली. "सार, ही बघा. आठशे मिलिमीटर. जपानी. एका वकिलातीतल्या साहेबाची होती."

ती स्टँडवर चढवून त्यांनी दाराबाहेर रोखली. रस्त्यापलीकडच्या इमारतीच्या कठड्यावर एक कावळा बसला होता. नागोजीरावांनी डोळा लावला. कावळ्याच्या चोचीला कसलं तरी पीठ लागलेलं दिसत होतं. कावळा त्यांच्याकडे असा बघत होता की जणू ओळख आहे.

तरी त्यांनी तपासनीसपणा सोडला नाही. नळीवर नख फिरवलं, आटे बसवून-उतरवून पाहिले, काचेत बुरशी आहे का म्हणून उजेडाला धरलं, हलवून कानाशी नेऊन ऐकलं. सगळं बघून 'पास' म्हटलं. फक्त एक गोष्ट विचारायची राहिली. लेन्स किती लांबचं बघते हे सगळे विचारतात. किती जवळचं बघत नाही, हे विचारायचं आडीच्या सवलतीत कुणाला सुचतं? मुदलियारांनी लेन्सच्या मागे एक जुना कॅमेराही जोडून दिला, सवलतीवर सूट म्हणून मुदत संपत आलेले फिल्मचे रोल फुकट घातले, आणि "आडीचा माल परत घेत नाही, सार," हे इतक्या प्रेमानं सांगितलं की तोही नागोजीरावांना एक मान वाटला.

परतीच्या गाडीत ती लांब काळी पेटी मांडीवर आडवी धरून ते बसले. अंबत्तूर येईपर्यंत समोरचे एक गृहस्थ पेटीकडे आणि नागोजीरावांच्या मिशांकडे आलटून पालटून बघत होते. शेवटी त्यांनी नम्रपणे विचारलं, की येत्या आवणी महिन्यात मुलीचं लग्न आहे, नादस्वरम् वाजवायला मोकळे आहात काय. नागोजीराव म्हणाले, हे वाद्य नव्हे, लेन्स आहे. गृहस्थ म्हणाले, असू द्या, साथीला ढोल वाजवणारा तविलवालाही तुमचाच असेल ना?

घरी राजसबाई दारातच उभ्या होत्या. राजसबाईंचं माहेर तंजावरचं. त्यांची मराठी तीनशे वर्षांपूर्वी तिथे घोड्यावरून उतरली ती तशीच राहिली. काळानं तिच्यात भर घातली ती फक्त तमिळची. नागोजीराव मूळचे तिकडचेच, पण कारखान्यात खडकीहून बदलून आलेल्या साहेबांच्या संगतीनं त्यांची मराठी सुधारली. राजसबाईंच्या मते बिघडली.

"हें काय आणिलें? तोफ?"

"लेन्स आहे."

"आडींत कोणी नवी वस्तु घरांत आणितो काय? मज पुसलें काय?"

"नवी नाही. जुनीच आहे."

राजसबाईंनी क्षणभर विचार केला. "सरि," त्या म्हणाल्या. "जुनी असे तर आणा आंत. पण देवाच्या खोलींत नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी नागोजीरावांनी लेन्स मागच्या दाराशी मांडली. राजसबाई अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. काचेत मिरच्या दिसेनात आणि राजसबाईही दिसेनात. नुसता तांबूस-पांढरा ढग. लेन्सवरची कडी फिरवली, ढग दाट झाला. उलटी फिरवली, ढग पातळ झाला, पण ढगच राहिला. पुष्करला हाक मारली. तो गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवून धावत आला, लेन्सवरचे आकडे वाचले आणि हळूच म्हणाला, "काका, इथे दहा मीटर लिहिलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे तीस-बत्तीस फुटांच्या आतलं हिला काही दिसत नाही. लांबून सगळं दिसतं, जवळचं काहीच नाही."

"आमचे साहेब तसेच होते," नागोजीराव म्हणाले. पण आवाजात दम नव्हता.

मग त्यांनी कारखान्याची टेप काढली. केळीपासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत मोजलं, तिथून माजघर, तिथून पुढचा दरवाजा. त्यांच्या ब्लॉकमध्ये सगळी दारं एका रेषेत होती, त्यामुळे पुढच्या दारातून केळ दिसे. पण अंतर पुरत नव्हतं. पुढच्या दाराबाहेर अरुंद बोळ, आणि बोळापलीकडे, बरोबर समोरासमोर, व्यासराजांचं दार.

"अजून थोडं मागे सरकलात तर जमेल, काका," पुष्कर म्हणाला.

"मागे म्हणजे व्यासराजांच्या हॉलमध्ये."

"हो, तेवढं सोडलं तर."

नागोजीरावांनी टेप गुंडाळली. ज्यानं आपल्या नवरंगाची साळुंकी केली त्याच्या घरात आपण पाऊल ठेवणार नाही, ठेवू तो फोटो हातात घेऊनच, असं त्यांनी सांगून टाकलं. फोटो काढायला त्या घरात जायचं, आणि त्या घरात जायला फोटो हवा. घोडं अडलं ते असं अडलं.

त्यांनी मग तळ्याकडे मोर्चा वळवला. केळीखाली येतो तो नवरंग तळ्याकाठच्या झुडपातही येईल, आणि तिथे मागे सरकायला हवी तेवढी जागा. जागा होती, पण तळ्याच्या त्या बाजूला संरक्षण खात्याची सरकारी भिंतही होती. स्टँड रोवून, लेन्स चढवून, डोळा लावून नागोजीराव उभे राहतात न राहतात तोच पाठीमागून शिट्टी झाली. पहारेकऱ्यानं लेन्स बघितली, भिंत बघितली, आणि त्यांना नेऊन कार्यालयात बसवलं. तिथला कारकून सज्जन होता. त्यानं पंखा लावून दिला, पाणी दिलं आणि परवानगीचा अर्ज पुढे केला.

"कशाचा फोटो?"

"पाखराचा."

"पाखरू इथलंच?"

"नाही. थंडीपुरतं येतं. हिमालयाच्या पायथ्याकडून."

कारकुनाचं पेन थांबलं. "म्हणजे सरहद्दीकडून."

"तसं म्हटलं तर..."

"किती दिवस मुक्काम करणार? कुणाकडे उतरणार?" कारकून आपल्या परीनं मदतच करत होता, रकाने भरायचे होते ना. नागोजीरावांनी जन्मभर अशाच रकान्यांवर सह्या केल्या होत्या, त्यामुळे त्यांना रागही नीट येईना. अर्ज वर गेला. वर म्हणजे कुठे, ते कारकुनालाही ठाऊक नव्हतं.

असा ऑक्टोबर उजाडला, नवरात्र बसलं. व्यासराजांकडे दरवर्षी कोलू मांडत, म्हणजे पायऱ्या-पायऱ्यांवर बाहुल्या. संध्याकाळी बायका यायच्या, गाणी म्हणायच्या, हळदीकुंकू आणि सुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, घेऊन जायच्या. त्यामुळे त्यांचं दार नऊ दिवस उघडंच. नागोजीराव समोरच्या दारातून आत-बाहेर करताना मान खाली घालून जात.

खंडेनवमी आली. तमिळ मुलखात तिला आयुधपूजा म्हणतात. कारखान्यात त्या दिवशी लेथसुद्धा चंदन-कुंकू लावून, हार घालून उभा राहतो, आणि एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. नागोजीराव या बाबतीत फार कडक. एका चार्जमननं, म्हणजे मुकादमानं, पूजेनंतर सहज म्हणून चाक फिरवलं, तर त्यांनी त्याला सगळ्या शॉपसमोर उभं करून विचारलं होतं, तुझी आजी झोपलेली असताना तिला असा हलवतोस काय?

घरातही तोच दंडक. राजसबाईंनी सकाळी पाटावर विळी मांडली, कात्री मांडली, अडकित्ता मांडला, पुष्करनं श्रद्धेनं आणून दिलेला पाना मांडला, आणि मधोमध लेन्स उभी केली. पूजा झाली. आदल्या दिवशीच चिरून ठेवलेल्या भोपळ्याचं सांबार झालं. नागोजीराव जेवून आडवे झाले.

दुपार उतरली तसे ते पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि तांब्या तोंडाशी तसाच राहिला. केळीखाली, ओल्या मातीत, नवरंग उभा होता. पाचोळा उलटत होता, दोन उड्या मारत होता, परत थांबत होता. त्याला पंचांग माहीत असायचं काही कारण नव्हतं.

"अगो," नागोजीराव कुजबुजले.

राजसबाई आल्या, पाहिलं, आणि पदर तोंडाला लावला. "बहु सुरेख पांखरू हो. लुगड्याच्या कांठासारिखें."

दोघांनी पाखराकडे पाहिलं. मग दोघांनी पाटाकडे पाहिलं. लेन्स शेवंतीचा हार घालून, काही झालंच नाही अशी उभी होती.

"हात लावाल तर बघा," राजसबाई म्हणाल्या.

"मी कुठे लावतोय?"

"मी आज विळीस बोट लाविलें नाहीं. तुम्ही त्या चार्जमनास काय बोलिलां होतां?"

 वर्षभर ज्याची वाट पाहिली ते बारा फुटांवर गांडूळ खात होतं, आणि आपल्याच तोंडचे शब्द आडवे पडले होते. ते चुलीपाशी खालीच बसले. त्यांचा चेहरा असा झाला, की राजसबाईंना तो बघवेना.

"उठा," त्या म्हणाल्या. "पूजा मी मांडिली, उठविणारीही मीच. उत्तरपूजा करितें. देवीस पुसून."

"लवकर कर."

"देवीस घाई सांगतां? नैवेद्य पाहिजे, कापूर पाहिजे, घंटा पाहिजे."

"घंटा नको. उडेल."

घंटेवाचून पूजा कशी उठवायची? शेवटी राजसबाईंनी घंटेची जीभ दोन बोटांत धरून ती मुकाट हलवली. कापूर ओवाळला. अक्षता टाकल्या. पाट चार बोटं सरकवला. "सरि. जा."

नागोजीरावांनी हार काढला आणि पाहतात तो लेन्सच्या काचेवर मधोमध रुपयाएवढा चंदनाचा टिळा, त्यावर कुंकू.

"काचेवर कशाला लावलंस?"

"सगळ्या आयुधांस कपाळीं लाविलें. हिचें कपाळ कोणतें, तें मज काय ठाऊक? तोंड दिसलें, तेथें लाविलें."

त्यांनी पंचा घेऊन पुसलं. चंदन गेलं, पण कुंकू तुपात कालवलेलं. ते जाण्याऐवजी सगळ्या काचेभर पसरलं आणि काचेला सूर्यास्त झाला. आता थांबायला वेळ नव्हता. मागच्या दारी स्टँड लावला तर ढग. माजघरात सरकले तर ढग. पुढच्या दारात उभे राहिले. ढगात काहीतरी हललं. नागोजीरावांनी मागे वळून पाहिलं. व्यासराजांचं दार सताड उघडं होतं. एका बाजूला आडीतली आण आणि दुसऱ्या बाजूला थोडंसंच अंतर. त्यांनी डोळे मिटले आणि पाठमोरेच, स्टँड ओढत, बोळ ओलांडून व्यासराजांच्या हॉलमध्ये शिरले.

स्टँडचा मागचा पाय कोलूच्या खालच्या पायरीला लागला. मातीचे चेट्टियार आणि चेट्टिच्ची, दुकान मांडून बसलेलं जोडपं, डाळ-तांदळाच्या चिमुकल्या पोत्यांसकट आडवं झालं.

व्यासराज झोपाळ्यावर बसून सुंडल खात होते. त्यांनी वाटी खाली ठेवली. "नागोजीराव, हे काय चाललंय?"

"हळू बोला."

"माझ्या घरात मी हळू बोलू?"

"नवरंग आलाय."

"साळुं..."

"खाली वाका," नागोजीराव म्हणाले, आणि कारखान्यात शिकाऊ पोरांना धरत तशी त्यांची मान धरून कॅमेऱ्याला लावली. "बघा."

व्यासराजांनी पाहिलं. पहिल्यांदा नुसती नाराजी होती, ती पाठीवरून दिसत होती. मग पाठ स्तब्ध झाली. ते वेगळ्याच आवाजात म्हणाले, "शेपूट आखूड आहे हो."

"आहे."

"डोळ्यावर पट्टी."

"आहे."

"पोट लाल आहे, नागोजीराव."

"मी वर्षापूर्वी काय सांगत होतो? आता सरका. फोटो घेऊ द्या."

"एक मिनिट. गांडूळ ओढतोय. अहो, पाय रोवून ओढतोय."

व्यासराज काही सरकेनात. आयुष्यभर नकाशावर देश दाखवलेला माणूस, त्यानं प्रत्यक्ष पाहिलेला हा पहिलाच परमुलखातला पाहुणा. शेवटी नागोजीरावांनी बाजूनं हात घालून, ते बघत असतानाच, बटण दाबायला सुरुवात केली. व्यासराजांचा हात कडीवर. त्यांना नीट दिसावं म्हणून ते ती फिरवत होते, आणि त्यांचा चष्मा कपाळावर होता. तेवढ्यात जिन्यावर बांगड्या वाजल्या, कोलू बघायला बायका आल्या, आणि त्यांतल्या एकीनं दारातूनच गाण्याला सूर लावला. नवरंग भुर्रकन गेला. व्यासराज सरळ झाले. डोळ्याभोवती कॅमेऱ्याच्या रबराचं वर्तुळ उमटलं होतं. त्यांनी वाकून चेट्टियार उभा केला, नागोजीरावांनी चेट्टिच्ची.  मग व्यासराजांनी सुंडलची दुसरी वाटी मागवली.

फोटो धुऊन आले तेव्हा पाकीट दोघांनी मिळून उघडलं. सगळे फोटो राखाडी. केळ राखाडी, माती राखाडी, आणि मधोमध एक राखाडी गोळा, ज्याला चोच असावी असं वाटे.

लॅबवाला खुशीत होता. "सार, सगळा रोल लालेलाल आला होता. काहीतरी बिघाड. मी मशीनवर बसून एकेक फोटोतला लाल रंग काढून टाकला. पैसे नकोत."

"पण पाखराच्या पोटाला लाल होता," नागोजीराव म्हणाले.

"तोही काढला, सार."

पुन्हा छापायला लावले, तर केळीसकट सगळंच लाल. एक तर सगळं लाल, नाही तर काहीच नाही. अधलं-मधलं त्या रोलमध्ये नव्हतं.

रविवारी टाकीखाली मंडळ जमलं.  नागोजीरावांनी मनातून दावा सोडला होता. फोटो नाही म्हणजे पाखरू नाही, आणखी वर्षभर साळुंकी. इतक्यात व्यासराज उभे राहिले आणि घसा साफ करून म्हणाले, "नागोजीरावांच्या केळीखाली नवरंग आला होता. मंडळानं नोंद घ्यावी."

"फोटो?" तुळजाजींनी विचारलं. पेलिकननंतर मंडळात ते पाखराविषयी पहिल्यांदाच बोलले.

व्यासराजांनी पाकीट पुढे केलं. तुळजाजींनी फोटो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला, उलटा धरून पाहिला. "हे काय आहे?"

"फोटो बिघडलाय. पण मी स्वतः पाहिला. माझ्या डोळ्यांनी."

"नुसत्या डोळ्यांनी, की काचेतून?"

"काचेतून."

"त्या काचेवर खंडेनवमीचं कुंकू होतं म्हणे?"

व्यासराजांनी पाकीट परत घेतलं.

"मास्तर," तुळजाजी फार मायेनं म्हणाले, "काचेवर कुंकू असल्यावर साळुंकीचं पोट लालच दिसणार. नियम तुमचाच आहे." आणि त्यांनी कॉफीचा असा लांब घोट घेतला, जसा पेलिकन गेल्यापासून घेतला नव्हता.

मंडळ हसलं. व्यासराजांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. ते ताडकन म्हणाले, की शेपूट आखूड होती, कुंकवानं शेपूट आखूड होते काय. पण हसण्यात ते कुणाला ऐकूच गेलं नाही. फक्त नागोजीरावांनी ऐकलं. त्यांना ते हसू या खेपेला मुळीच लागलं नाही, आणि याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

दोघे बरोबरच परत निघाले. व्यासराज रस्ताभर पुटपुटत होते. "डोळ्यावर पट्टी होती. मी काय आंधळा आहे? गांडूळ ओढत होता, पाय रोवून." नागोजीराव "हो तर, हो तर" म्हणत चालले होते. चुकलो, असं व्यासराज म्हणतील म्हणून त्यांनी वर्षभर वाट पाहिली होती. व्यासराज तसं काही म्हणाले नाहीत. दोन दारांमधल्या बोळात आल्यावर ते थांबले, कुलपात किल्ली घातली, आणि मागे न बघता विचारलं, "त्या माउंट रोडच्या दुकानात दिवाळीची सूट असते का हो?"

नागोजीरावांनी मिशीवरून हात फिरवला. "असते. पण एकटे जाऊ नका. तो मुदलियार गोडबोल्या आहे. लांबची लेन्स पुढे करील, आणि कावळा दाखवील."

"मग?"

"मी येतो. लेन्स घेताना काय विचारायचं असतं, ते तुम्हाला ठाऊक नाही."